किती लिटरची दाखवू?

मोटारसायकलवरून लांब जायचे, तर पूर्वी सामान म्हणजे एक रेक्झिनची बॅग, हातभर सुतळी आणि मागे बसणाऱ्याच्या मांडीवरचा विश्वास. आता त्याचे शास्त्र झाले आहे. दुकानात पाऊल टाकताच विक्रेता विचारतो, "किती लिटरची दाखवू?" आपण बॅग घ्यायला आलो की दूध, असा क्षणभर संभ्रम पडतो.

पण संभ्रम अगदीच चुकीचा नाही. ह्या विषयातले खरे अधिकारी पुरुष दूधवालेच. राजदूतला किंवा बुलेटला लावलेल्या त्या किटल्या आठवा. भक्कम लोखंडी चौकट, दोन्ही अंगांना सारखे वजन, आणि तेही होता होईल तितके खाली! सगळे टूरिंगशास्त्र ह्यात आले. बाकीची गुळगुळीत माहितीपत्रके ही त्यावरची भाष्ये.

ह्या कसोटीला पहिली नापास होते ती मागे उंचावर बसवायची पेटी, म्हणजे टॉप बॉक्स. दिसायला ऐटदार, कुलूप आहे, हेल्मेट मावते, सगळे खरे. पण वजन जाते मागच्या आसाच्याही मागे आणि वर. पेटी ठासून भरलीत की पुढचे चाक हलके होते, आणि वेग वाढल्यावर हँडल मराठी समीक्षकासारखे नकारार्थी मान हलवू लागते. आमची ही मात्र ठामपणे पेटीच्या बाजूची. "अहो, पाठ टेकायला मिळते!" हा मुद्दा मला खोडता येत नाही, मागे बसून दोनशे किलोमीटर काढणाऱ्या माणसाला मत असायचेच. तेव्हा पेटी राहू द्यावी, आत रेनकोट आणि चिवडा ठेवावा. इस्त्री, नारळ आणि मावशीसाठीचे लोणचे नव्हे.

बाजूच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या म्हणजे तर फिरती तिजोरी. चोर दमतो, पाऊस दमतो. पण जिथून हँडल सुटते तिथून ह्या सुटतीलच असे नाही, आणि पाठीमागची रुंदी चालवणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. पेठेतल्या बोळात ही गोष्ट रिक्षावाला समजावून सांगतो. तेही एक वेळ चालेल. चिखलाच्या वाटेवर तोल सावरायला पाय टेकला आणि गाडी पुढे सरकली, तर पेटीची कड नेमकी पोटरीवर येते. कापडी बॅग त्याच जागी बापडी दबते. हाड की कुलूप? माझ्या लेखी वाद इथेच मिटला.

म्हणजे कापडी बॅगा निर्दोष, असे कोण म्हणतो! बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे, आणि बॅगा दोन्हीकडे. चौकट नसेल तर उजवीकडची बॅग भाजून निघते. लोंबता पट्टा तर त्याहून वाईट. तो मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गुंतला की चाक जागच्या जागी अडकते, आणि मग विनोदी लेख लिहिता येत नाही. म्हणून बॅग घेताना आधी पट्ट्यांची टोके कुठे खोचायची ते विचारावे, रंग नंतर.

राहिला पाऊस. बॅगेला रेनकव्हर दिलेले असते. ताम्हिणीत पावसाळ्यात गेलेल्यांना सांगायला नको, की तिथे पाणी वरून येते तसे चाकावरून उडून खालूनही येते, आणि मग ते कव्हर आतल्या पाण्याची इमानाने राखण करते. त्यापेक्षा बिनचेनची, तोंडाला तीन वळसे घालून बंद करायची जलरोधक बॅग उत्तम. बरणीला दादरा बांधणाऱ्या आजीने ती पाहताक्षणी पसंत केली असती.

टाकीवरच्या चुंबकाच्या बॅगेचे काय? टाकी लोखंडी असेल तर घ्या. प्लॅस्टिकवर चुंबक प्रेम करीत नाही. आणि आकड्यांच्या रबरी दोऱ्या ताणताना तोंड बाजूला ठेवा, डोळे दोनच आहेत.

आता लिटर किती? विक्रेता मोठी सुचवणार, आणि रिकामी जागा तर आपल्याला बघवत नाही. म्हणून आधी गाडीची पुस्तिका काढावी. तीत कमाल भार दिलेला असतो, आणि त्यात चालवणारा, मागे बसणारी आणि चकल्या, सगळे धरलेले असते. ही बेरीज घरात मोठ्याने करू नये. जमेल तेवढीच बॅग घ्यावी आणि निघताना मागच्या चाकात हवा जास्त भरावी. किती, तेही त्याच पुस्तिकेत आहे.