चिलीम, चमचा आणि सुई : एका व्याख्येचं वाचन

साहित्याच्या व्यासपीठावर कायद्याचं कलम घेऊन कसे काय आलात, असं आयोजकांनी आम्हाला दोनदा विचारलं. आमचं म्हणणं सोपं आहे. कलम हाही मजकूर असतो. त्याला लेखक असतो, शैली असते, आणि तो ढिसाळ लिहिला गेला तर त्याची किंमत लेखक मोजत नाही, भलताच कुणी मोजतो. म्हणून आज आम्ही अमेरिकेतली एक व्याख्या समीक्षकाच्या नजरेनं वाचणार आहोत. ती अमली पदार्थांची व्याख्या नाही. ते पदार्थ घेण्याच्या साधनांची आहे. गांजा नव्हे, चिलीम. हेरॉइन नव्हे, सुई.

या साधनांना तिथल्या कायद्यात 'पॅराफर्नेलिया' म्हणतात. शब्द मोठा गमतीचा आहे. मूळ ग्रीक. 'फर्ने' म्हणजे हुंडा आणि 'पॅरा' म्हणजे त्याच्या पलीकडचं. हुंडा सोडून नवरीची स्वतःची म्हणून जी चीजवस्तू असे, ती पॅराफर्नेलिया. आपल्याकडच्या स्त्रीधनाची ही चुलत बहीणच म्हणा ना. पुढे अर्थ पसरत गेला आणि कुठल्याही कामाचा सगळा सरंजाम असा झाला. नवरीच्या पेटीतून निघालेला हा शब्द विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलिसांच्या पंचनाम्यात जाऊन बसला.

१९७०च्या दशकात अमेरिकेत 'हेड शॉप' नावाची दुकानं गल्लोगल्ली झाली होती. गाण्याच्या रेकॉर्डी, पोस्टरं, आणि काउंटरवर पाइप, कागद, चिमटे. शाळकरी पोरं तिथं घुटमळत. पालक चिडले, संघटित झाले, आणि त्यांचा राग खोटा नव्हता हे आधीच सांगून टाकतो. गावोगावच्या पालिकांनी घाईनं नियम केले. त्यातले बरेच कोर्टात टिकले नाहीत, कारण 'नशेचं साधन' म्हणजे नेमकं काय हे नियमाला सांगता येत नव्हतं. मग १९७९ साली केंद्र सरकारच्या अमली पदार्थविरोधी खात्यानं राज्यांसाठी एक नमुना कायदा लिहून दिला. बहुतेक राज्यांनी तो जवळपास जसाच्या तसा उचलला.

आता या नमुन्याची शैली बघा. संदिग्धतेवर लेखकानं उपाय काय केला, तर लांबी. क्रियापदांची आगगाडीच. लावणं, वाढवणं, कापणी करणं, बनवणं, मिसळणं, तपासणं, पुड्या बांधणं, साठवणं, लपवणं, टोचणं, गिळणं, ओढणं. (यातलं 'तपासणं' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) या सगळ्यासाठी वापरलेली, वापरण्याच्या हेतूची किंवा तशी घडवलेली कुठलीही वस्तू म्हणजे साधन. खाली यादी: तराजू, चाळण्या, मिक्सर, वाडगे, चमचे, फुगे, पाकिटं, इंजेक्शनच्या सुया. ही यादी आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा स्वयंपाकघरातच बसलो होतो. फुगे सोडले तर सगळा मुद्देमाल हाताच्या अंतरावर होता.

अर्थात वस्तू एकटी गुन्हेगार ठरत नाही, तिला हेतू लागतो. पण हेतू दिसत तर नाही. म्हणून मग खुणा दिलेल्या आहेत: जवळ काय सापडलं, वस्तूला काही चिकटलंय का, मालक काय बोलला, दुकानात ती कशी मांडली होती, जाहिरात कशी होती. म्हणजे वस्तूचा अर्थ तिच्या संदर्भावरून लावायचा. मंडळी, हे आम्ही समीक्षक आयुष्यभर करतो! फक्त आमचा अर्थ चुकला तर कुणाच्या हातात बेड्या पडत नाहीत.

इलिनॉयमधल्या हॉफमन इस्टेट्स या गावाचं उदाहरण घ्या. गावानं १९७८ साली नियम केला की अशा वस्तू विकायच्या तर दीडशे डॉलर भरून परवाना घ्या आणि गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता वहीत लिहा. दुकानदारांना समजावं म्हणून सोबत मार्गदर्शिका दिली. तिच्यात सिगारेट वळायच्या कागदाबद्दल जे आहे ते मुळातून वाचण्यासारखं आहे. कागद पांढरा असेल तर चालेल. रंगीबेरंगी असेल, नाव नशेकडे झुकणारं असेल, तर नियम लागू. फ्लिपसाइड नावाचं रेकॉर्डींचं दुकान याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८२ साली ते हरलं, आणि निकालात एकाही न्यायमूर्तीची विरोधी बाजू नव्हती. निकाल लिहिला थरगुड मार्शल यांनी, नागरी हक्कांच्या लढ्यातल्या त्या मोठ्या वकिलानं. त्यांचा युक्तिवाद असा की हा व्यापारावरचा नियम आहे, शिक्षा दंडापुरती आहे, तेव्हा इतपत संदिग्धता चालून जाईल. दंड होता दहा ते पाचशे डॉलर. त्या चौकटीत त्यांचं म्हणणं आम्हाला पटतंसुद्धा. चौकट तेवढीच राहिली असती तर आम्ही आज इथं उभे नसतो.

१९८६ साली संसदेनं केंद्रीय कायदा केला. टपालानं किंवा राज्याच्या सीमेपलीकडे ही साधनं विकली, आयात-निर्यात केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. यात पंधरा वस्तूंची नमुन्यादाखल यादी आहे. सहावी वस्तू चमचा, तोसुद्धा मोजून: एक दशांश घनसेंटिमीटर किंवा त्याहून कमी मावेल असा. या चमच्यामागे एक किस्सा आहे. मॅकडोनाल्ड्समध्ये कॉफी ढवळायला प्लास्टिकचा लांब दांड्याचा इवलासा चमचा मिळायचा. लोक तो कोकेनसाठी वापरतात असा बोभाटा झाला आणि १९७९च्या सुमारास कंपनीनं तो बदलून चपटी पट्टी आणली. कॉफी बिचारी तशीच ढवळली जात राहिली.

आणि यादीत अकरावी आपली चिलीम. अमेरिकी कायद्याच्या पुस्तकात अनेकवचनी 'चिलम्स' म्हणून नोंदलेली. ज्या शिर्डीत साईबाबांच्या चिलमी भाविक काचेआड ठेवलेल्या बघतात, ज्या शेगावच्या गजानन महाराजांची तसबीर कित्येक घरांत चिलमीसकट देव्हाऱ्यात असते, त्या मुलखातल्या माणसाला हे वाचून क्षणभर चुकल्यासारखं होतं. कायद्यात पळवाट आहे म्हणा. परंपरेनं तंबाखूसाठी असलेली वस्तू नेहमीच्या धंद्यात विकली तर गुन्हा नाही. पण परंपरा कुणाची? ओहायोतल्या आजोबांचा लाकडी पाइप परंपरेत बसतो. मातीची चिलीम आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या तंबाखूसाठी ओढली गेली, गांजासाठीही गेली, आणि तिथं मात्र तिचं नावच थेट आरोपींच्या यादीत. यादी करणाऱ्यानं चिलीम पाहिली ती हिप्पींच्या हातात. त्याआधीची तीनचारशे वर्षं त्याच्या गावीही नव्हती.

शिक्षा खरोखर होते का? होते. फेब्रुवारी २००३ मध्ये देशभर छापे पडले, पंचावन्न जणांवर आरोप ठेवले गेले. त्यात विनोदी नट टॉमी चाँग होते. त्यांच्या कुटुंबाच्या कंपनीनं काचेचे पाइप टपालानं पाठवले होते. नऊ महिने तुरुंग आणि वीस हजार डॉलर दंड. खटला रिकाम्या पाइपांचा होता.

इथपर्यंत हसून सोडून देता येतं. सुईपाशी हसू थांबतं.

आमच्या आईच्या पर्समध्ये इन्सुलिनच्या सुया असायच्या. त्याच सुया, तीच कंपनी. दुसऱ्या कुणाच्या खिशात सापडल्या तर तिकडे पुरावा. ज्याला व्यसन आहे त्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणून तो स्वतःची कोरी सुई जवळ बाळगत नाही, दुसऱ्याची वापरतो. इंडियाना राज्यातलं ऑस्टिन हे चारेक हजार वस्तीचं गाव, स्कॉट काउंटीतलं. त्या भागात एचआयव्हीचे नवे रुग्ण वर्षाला पाचाहून कमी सापडत. २०१५ साली तिथं साथ फुटली. लोक वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचून घेत होते आणि एक सुई कित्येक हातांत फिरत होती. वर्षभरात बाधितांचा आकडा एकशे ऐंशीच्या वर गेला, पुढे दोनशेच्याही. राज्यात सुयांची अदलाबदल बेकायदा होती. गव्हर्नर होते माइक पेन्स, पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाले तेच. त्यांचा या अदलाबदलीला तत्त्वतः विरोध होता, तरी मार्चमध्ये त्यांनी आणीबाणी जाहीर करून त्या एका काउंटीपुरती परवानगी दिली. येणाऱ्यांना ओळखपत्रं दिली गेली, की पोलिसांनी अडवलं तर दाखवा. कोरी सुई जवळ ठेवायला ओळखपत्र! साथ ओसरली.

आता ते 'तपासणं'. हेरॉइनमध्ये, बनावट गोळ्यांमध्ये फेंटानिल मिसळलेलं असतं, आणि ते चिमूटभरही जीव घेतं. ते आहे का हे सांगणारी कागदाची पट्टी मिळते. पाण्यात बुडवायची, रेघा बघायच्या. २०२१ साली अमेरिकेत नशेच्या अतिमात्रेनं एक लाखाहून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी केंद्र सरकारनं सांगितलं की आमच्या अनुदानातून या पट्ट्या विकत घ्या. आणि कित्येक राज्यांत तीच पट्टी बाळगणं गुन्हा होतं, कारण १९७९च्या आगगाडीत 'तपासणं' हा एक डबा होता. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मालाची शुद्धता पारखणारा कोकेनचा व्यापारी असणार. स्वतःचा जीव वाचवायला तपासणारं माणूस त्याला दिसलंच नाही. एकेक राज्य आता पट्टी व्याख्येतून वगळू लागलं आहे. मिनेसोटानं तर २०२३ साली अशी साधनं जवळ बाळगणं हा गुन्हाच काढून टाकला.

कुणी विचारेल, आपल्याकडे काय? महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यात कलम पासष्ट आहे. दारू गाळण्याच्या हेतूनं भांडी, साहित्य बाळगणं हा गुन्हा, म्हणून तर गूळ आणि नवसागर पकडल्याच्या बातम्या येतात. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात साधनं जप्त होतात ती गुन्हा घडल्यावर, गुन्ह्याच्या पाठोपाठ. नुसत्या चिलमीसाठी वेगळी शिक्षा त्यात नाही. सेवन करणाऱ्याला मात्र त्यात कैद आहे, तेव्हा फार मिरवण्यासारखं काही नाही. पण कोऱ्या सुया वाटण्याचा कार्यक्रम आपल्याकडे सरकारच्याच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेमार्फत चालतो. कायदा आणि दवाखाना तिथं एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं करतात. आम्हाला ही सोय कायद्याच्या लांबलचक व्याख्येपेक्षा शहाणी वाटते.

स्कॉट काउंटीचं पुढे काय झालं ते सांगतो आणि थांबतो. जून २०२१ मध्ये तिथल्या तीन आयुक्तांनी मतदान घेतलं. सुयांची अदलाबदल वर्षअखेर बंद करायची, असं दोन विरुद्ध एक मतांनी ठरलं. त्याआधीच्या सुनावणीत डॉक्टर आणि तिथले रहिवासी येऊन बोलले होते, बंद करू नका म्हणून.

आता प्रश्न घेऊ. मागचा माइक चालू आहे ना?