‘द गोल’ आणि गव्हाणीपुढची रांग

उत्पादन क्षमतेचं नियोजन शिकणाऱ्याच्या हाती एक पुस्तक कधी ना कधी पडतंच: एलियाहू गोल्डराट आणि जेफ कॉक्स यांचं ‘द गोल’ (1984). चक्क कादंबरी आहे! तोट्यातला कारखाना, तीन महिन्यांची मुदत, घायकुतीला आलेला मॅनेजर. मुद्दा एवढाच, की कारखान्याची क्षमता म्हणजे त्यातल्या सगळ्यात अडणाऱ्या यंत्राची क्षमता. तिथला एक तास वाया गेला की अख्ख्या कारखान्याचा गेला. म्हणून त्या यंत्रापुढे माल कायम तयार ठेवा.

पुस्तक मला आवडतं. पण शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात ते लावून बघा, एक गोष्ट खटकते.

समजा, कारखाना रोज 5000 टन गाळतो आणि नोंद 9 लाख टनांची आहे. कागदावर 180 दिवस. बिघाड, साफसफाई यात दहा टक्के गेले की रोजचे 4500 टन, म्हणजे 200 दिवस. 1 नोव्हेंबरला मोळी टाकली तर शेवटचा ऊस मेच्या तिसऱ्या आठवड्यात. गिरणी थांबू नये म्हणून अड्ड्यावर बैलगाड्या, ट्रॅक्टर उभे असतात. गोल्डराटच्या भाषेत हा राखीव साठा. पण त्याच्या कारखान्यातले लोखंडी भाग रांगेत थांबून वाळत नाहीत. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं आणि शेतकऱ्याला पैसे काट्यावरच्या वजनाचे मिळतात. टोळीलाही मजुरी टनावर, वाट बघण्याची नाही. गिरणीचा तास वाचतो तो यांच्या तासांवर. हा खर्च पुस्तकात कुठल्याच खात्यात बसत नाही.

गोल्डराटचं उत्तर आहे: माल अडणाऱ्या यंत्राच्या तालावरच आत सोडा. आपल्याकडे शेतकी खात्याचा तोडणी प्रोग्राम तेच करतो. पण तो ताल तोडणीपर्यंतच पोचतो, लागणीपर्यंत नाही. आडसाली ऊस वर्ष-सव्वा वर्ष आधीच रानात उभा असतो. 2021-22 च्या हंगामात राज्यभर तेच झालं. गाळप जूनपर्यंत लांबलं आणि 1 मेनंतर गाळलेल्या उसाला उताऱ्यातल्या घटीपोटी टनाला 200 रुपये अनुदान सरकारला द्यावं लागलं.

मग क्षमता वाढवा, असं सगळेच म्हणतात. पण ऊस कमी पडला की तीच वाढीव गिरणी लवकर बंद होते, कर्जाचे हप्ते मात्र चालूच. शिवाय बसवलेली क्षमता म्हणजे चालणारी क्षमता नव्हे. दौंडचा भीमा पाटस काही हंगाम बंद होता, 2022 मध्ये तो भाडेतत्त्वावर दिला गेला. बंद कारखान्याच्या सभासदाचा ऊस शेजारच्या कारखान्याच्या रांगेत जातो, आणि तिथे आधी नंबर कोणाचा लागतो, ते तुम्ही कुठल्याही चिटबॉयला विचारा.

म्हणून माझ्या मॉडेलमध्ये मी रोजच्या टनांशेजारी दुसरा आकडा ठेवलाय: तोडीपासून गव्हाणीपर्यंत गेलेले तास.