तथागतांचे स्मित आणि पोखरणचा स्फोट

वैशाखी पौर्णिमेस जालना जिल्ह्यातील विहाराविहारांतून पंचशील ग्रहण केले जाते. त्यातील पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे आहे. हे शील ज्यांनी जीवनाचा आधार म्हणून स्वीकारले, त्यांना एका प्रश्नास सामोरे जावेच लागेल. मानवी इतिहासातील सर्वांत संहारक साधनाला तथागतांचे नाव चिकटले आहे. याला आपले उत्तर कोणते?

दि. १८ मे १९७४ रोजी राजस्थानातील पोखरण येथे भारताने पहिला अणुस्फोट केला. ही चाचणी ‘स्मायलिंग बुद्धा’, म्हणजे ‘हसणारा बुद्ध’, या नावाने जगभर ओळखली जाते. शासनाने तिला ‘शांततामय अणुस्फोट’ असे संबोधले. या कथेची चिकित्सा केली असता दोन असत्ये उघड होतात.

पहिले असत्य तिथीचे. तो दिवस बुद्धपौर्णिमेचा होता, असे आजही अनेक लेखांतून लिहिले जाते. वस्तुतः त्या वर्षीची वैशाखी पौर्णिमा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच होऊन गेली होती. पुढची पौर्णिमा ४ जूनला आली आणि त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण झाले. १८ मे हा कृष्ण पक्षातील दिवस होता. ११ मे १९९८ ला मात्र खरोखरच बुद्धपौर्णिमा होती, आणि त्याच दिवशी पोखरणला पुन्हा स्फोट झाले.

दुसरे असत्य शांततेचे. १९७४ च्या स्फोटाचे प्लुटोनियम तुर्भे येथील ‘सायरस’ अणुभट्टीतून आले. ही भट्टी कॅनडाच्या साहाय्याने, शांततामय उपयोगाच्या अभिवचनावर उभारली गेली होती. त्या प्रकल्पाचे एक प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. राजा रामण्णा यांनी १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितले की तो बॉम्बच होता.

नावात काय आहे, असे कोणी विचारील. मराठवाड्याला हा प्रश्न विचारू नये. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने संमत केला. त्यानंतर येथील दलित वस्त्या जळाल्या, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे लढा चालला. नाव हे मूल्याचे चिन्ह असते, हे या भूमीने किंमत मोजून सिद्ध केले आहे.

परंतु भावना दुखावल्याची तक्रार करून आपले काम संपत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रकाशित झाला. त्यात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोगी, वृद्ध व मृत यांचे दर्शन हे नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात तंटा झाला आणि संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने त्यास विरोध केला. प्रत्येक पक्षाने दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी निवाडा करावा, अशी त्याची सूचना होती. बहुमताने ती फेटाळली गेली. युद्धाला संमती देण्यापेक्षा त्याने परिव्रज्या पत्करली. म्हणजे बाबासाहेबांच्या मांडणीनुसार तथागतांच्या वाटचालीचा आरंभच युद्धनकारात आहे. अशा पुरुषाचे स्मित बॉम्बवर रेखाटणे हा त्याच्या चरित्राचाच विपर्यास होय.

ही सूचना स्वप्नाळू होती काय? जालन्याच्या वाचकांनी जायकवाडीकडे पाहावे. गोदावरीच्या वरच्या धरणांतील पाणी खाली सोडण्याचा वाद किती तीव्र आहे, हे अंबड-घनसावंगीच्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तरीही २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले आणि २०१४ मध्ये त्याने समन्यायी वाटपाचा आदेश दिला. वाद मिटलेला नाही. पण तो निवाड्याच्या कक्षेत आला आहे. रोहिणीकाठचा तो ‘पाचवा’ आजही उपयोगी पडतो.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. बाबासाहेबांनी अहिंसेला आंधळा नियम मानले नाही. हिंसेची इच्छा आणि हिंसेची गरज यांत त्यांनी भेद केला. मग राष्ट्ररक्षणासाठी अण्वस्त्र ही गरज ठरत नाही काय? याचे उत्तर त्या भेदातच आहे. गरज ठरविण्यासाठी विवेक लागतो, दोषी व निर्दोष यांत फरक करावा लागतो. हिरोशिमा व नागासाकी येथे ऑगस्ट १९४५ मध्ये तसा फरक झाला नाही. अण्वस्त्राच्या स्वभावातच तो नाही. पाळण्यातील मूल आणि सैनिक त्यास सारखेच.

दुसरा युक्तिवाद अधिक बळकट आहे. १९६८ चा अण्वस्त्रप्रसारबंदी करार पाच राष्ट्रांना अधिकृत अण्वस्त्रधारी मानतो आणि इतरांना शस्त्रत्याग करण्यास सांगतो. ही विषमता आहे, हे भारताचे म्हणणे खरे आहे. हे जणू राष्ट्रांचे चातुर्वर्ण्यच. परंतु चातुर्वर्ण्यावरचा आपला उपाय कोणता होता? वरच्या पायरीवर जागा मागणे हा नव्हे; ती उतरंडच मोडणे हा होता. १९९८ मध्ये भारताने पायरी चढली, त्याच महिन्यात पाकिस्ताननेही चढली. आज दोघांकडे प्रत्येकी दीडशेहून अधिक अण्वस्त्रे असल्याचा अंदाज आहे. उतरंड जशीच्या तशी उभी आहे.

ती मोडण्याचा मार्ग उपलब्ध आहे. ७ जुलै २०१७ रोजी १२२ राष्ट्रांनी अण्वस्त्रबंदी कराराच्या बाजूने मत दिले आणि २२ जानेवारी २०२१ पासून तो अमलात आला. यात कोणालाही विशेषाधिकार नाही. बंदी सर्वांना समान आहे. विषमतेची तक्रार करणारा भारत या समतेच्या करारापासून मात्र दूर राहिला. निदान निरीक्षक म्हणून त्याने तेथे बसावे, १९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी करारावर स्वाक्षरी करावी, आणि ‘प्रथम वापर नाही’ हे आपले धोरण शिथिल होऊ न देता पाकिस्तानकडूनही तसे वचन मिळविण्याचा प्रयत्न करावा. हे अशक्य नाही. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार दोन्ही देशांनी १९८८ मध्ये केला. १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीस ते त्या केंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण करतात. कारगिलच्या युद्धानेही ही प्रथा मोडली नाही.

पहिले शील उच्चारणाऱ्या प्रत्येक उपासकाने या मागण्या आपल्या लोकप्रतिनिधीपुढे मांडाव्यात. तथागतांचे नाव बॉम्बवरून उतरविण्याचा तोच खरा मार्ग आहे. सिद्धार्थही एकटाच संघात उभा राहिला होता. त्याचा ठराव त्या दिवशी पडला, पण खोटा ठरला नाही.