निषिद्ध प्रेम आणि मालकीचा अवकाश : ‘सैराट’ व ‘जू दौ’

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (2016) या चित्रपटाविषयी झालेल्या बऱ्याच चर्चेत त्याचा शेवट एक ‘धक्का’ म्हणून गृहीत धरला गेला. प्रेमकथेला अखेरीस सामाजिक वास्तवाची जोड दिली, असा या वाचनाचा आशय. हे वाचन अपुरे आहे. शेवटाची तयारी पूर्वार्धातील अवकाशाच्या मांडणीतच झालेली असते.

हा अवकाश आपल्या परिचयाचा आहे. नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचा बराच भाग उसाखाली आणला. पुढे भीमेवर उजनी धरण झाले आणि इंदापूरच्या नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात जलाशय ओसरला की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. समोरचा काठ करमाळ्याचा. ‘सैराट’चे जग तेथलेच. येथे पाणी हे निसर्गदृश्य नाही. ते कोणाचे, हा सत्तेचा प्रश्न आहे.

परश्या मासे धरणाऱ्याचा मुलगा. आर्ची विहिरीवर आल्याचे कळताच तो जलाशयात उडी टाकतो, पोहत काठ गाठतो, धावत सुटतो आणि विहिरीत झेपावतो. हा प्रवास केवळ प्रेमातुरतेचा नाही. ज्या पाण्यावर त्याचे कुटुंब जगते त्या पाण्यातून, जेथून एका शब्दासरशी बाहेर काढले जाते त्या पाण्यात तो उतरतो. आर्चीच मुलांना विहिरीबाहेर जायला सांगते. तिचा धीटपणा, बुलेट, ट्रॅक्टर यांचे कौतुक झाले. परंतु हे स्वातंत्र्य तिला पाटलाची मुलगी म्हणून लाभले आहे आणि ज्या क्षणी ती स्वतःच्या देहाचा निर्णय घेते त्या क्षणी ते काढून घेतले जाते. वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकावर तिचा भाऊ हात उचलतो, त्या प्रसंगातही विद्येपेक्षा घराणे मोठे, हाच नियम प्रस्थापित होतो. शेवटी हाच नियम रक्ताने अमलात येतो.

या संदर्भात झांग यिमौ यांचा ‘जू दौ’ (1990) हा चिनी चित्रपट आठवतो. ल्यू हंग यांच्या मूळ कथेत नसलेला रंगारीचा कारखाना दिग्दर्शकाने योजला, हे अर्थपूर्ण आहे. विकत आणलेली पत्नी, राबवून घेतलेला पुतण्या आणि रंगाची कुंडे या सर्वांवर एकाच वृद्धाची मालकी. प्रेम येथे निषिद्ध ठरते ते नीतीमुळे जितके, तितकेच वारशामुळे. म्हणूनच प्रेमातून जन्मलेला मुलगा कायदेशीर बापाचे नाव वागवतो आणि अखेर जन्मदात्याचा जीव घेतो. व्यवस्था स्वतःचा वारस प्रेमिकांच्याच पोटी निर्माण करते. जू दौ कारखान्याला आग लावते. मालकीचे स्थान तरी जळते.

‘सैराट’मध्ये काहीच जळत नाही. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहा घेतात आणि मारतात. नात्याचे शिष्टाचार हेच हत्येचे साधन ठरते. उरलेले लेकरू रक्तात पाऊल भिजवून बाहेर पडते, तेव्हा ध्वनी पूर्णतः थांबलेला असतो. झांग यांचे मूल व्यवस्थेचे हस्तक होते. मंजुळे यांचे मूल कोणाचाच वारस नाही. दोन्ही कलाकृतींतील खरा भेद येथे आहे.

मात्र एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. ‘सैराट’मधील ऊस प्रामुख्याने प्रेमिकांचा आडोसा आहे. तो तोडणाऱ्या हातांना कथानकात जवळपास स्थान नाही. ज्या पिकावर पाटलाची सत्ता उभी आहे त्यामागचे श्रम गाण्यांच्या लावण्यात लोपतात. झांग यांच्या चित्रपटात कापडाचे रंगीत पट्टे डोळे दिपवतात, पण ते रंगवण्याचे कष्टही दिसत राहतात. ‘फँड्री’त (2013) डुक्कर पकडण्याचे श्रम आणि त्यातील अवमान ज्यांनी इतक्या निष्ठुरपणे दाखवले, त्या दिग्दर्शकाकडून ही अपेक्षा अवाजवी नव्हे. तरीही, प्रेमाला जातीबाहेरचा निर्मळ प्रदेश मानण्याची मराठी रसिकाची सवय या चित्रपटाने मोडली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे.