पदक आणि रुपया : बडोद्याच्या इतिहासाची दोन साधने

स्मृतिपदकांचा संग्रह म्हणजेच इतिहास, हा समज बडोद्याच्या संदर्भात अपुरा ठरतो. तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या सुवर्णमहोत्सवाची (१९२६) व हीरकमहोत्सवाची (१९३६) पदके समारंभासाठी पाडली गेली. दरबाराला जे स्मरणात ठेवावेसे वाटले, तेच त्यांवर उमटले. त्याआधीचा बडोद्याचा रुपया अधिक सांगतो. मोगल बादशहा दुसरा अकबर १८३७ मध्ये वारला. तरी गणपतराव गायकवाडांच्या (१८४७-५६) रुपयांवर फारसीत त्याचे नाव आणि नागरीत गायकवाडांची आद्याक्षरे आहेत. सत्ता बदलली, पण बाजाराचा विश्वास जुन्या नावावरच राहिला. म्हणून वर्गात पदकाशेजारी हा रुपयाही दाखवावा. एकच लिपी वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती मात्र अर्धाच रुपया येईल.