उरलेला देव : प्रारब्धाच्या समजुतीची धम्मचिकित्सा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांना धम्मदीक्षा दिली व तिच्यासोबत बावीस प्रतिज्ञाही दिल्या. त्या प्रतिज्ञांनी घराघरातील देव्हारे रिकामे झाले, श्राद्ध-पिंडदान थांबले, अवताराची कल्पना नाकारली गेली. आपल्या आजी-आजोबांनी देवांचे टाक नदीत सोडले, हे अनेक घरांत आजही अभिमानाने सांगितले जाते. आणि तो अभिमान रास्तच आहे. परंतु एक देव नदीत गेला नाही. त्याचा टाक नव्हता, मूर्ती नव्हती, देव्हाऱ्यात त्याची जागा नव्हती. तो आपल्या जिभेवर बसलेला होता. त्याचे नाव नशीब.

मुलगा परीक्षेत मागे पडला की "त्याच्या नशिबात विद्या नव्हती" असे आपण म्हणतो. दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबवले जाते आणि निर्णय घरातल्या माणसांनी घेतलेला असूनही दोष तिच्या नशिबावर जातो. अपंग मूल जन्माला आले की आई मनातल्या मनात स्वतःला विचारीत राहते, "मागच्या जन्मी माझ्याकडून असे कोणते पाप घडले असेल?" हे उद्गार पंचशील घेणाऱ्या, दर पौर्णिमेला विहारात येणाऱ्या उपासक-उपासिकांच्या तोंडूनही ऐकू येतात. ते केवळ बोलण्याच्या सवयीचे आहेत, असे म्हणून सोडून देता येणार नाही. माणूस जे वारंवार बोलतो, त्याप्रमाणेच तो पुढे वागू लागतो.

महाराष्ट्रात मूल जन्मल्यावर पाचवीच्या रात्री सटवाई पुजण्याची जुनी रीत आहे. पाट्यावरवंट्याजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, अशी समजूत. या रीतीतील उपरोध लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या घरांतील मुलांच्या हाती लेखणी येऊ नये अशी व्यवस्था शतकानुशतके राबवली गेली, त्याही घरांत पाचव्या दिवशी लेखणी येत असे. पण ती सटवाईसाठी असे, मुलासाठी नव्हे.

तथागतांची तिहेरी चिकित्सा

प्रारब्धवादाचे खंडन आपण आधुनिक विज्ञानाच्या आधारे करतो, ते योग्यच आहे. परंतु हे खंडन तथागतांनी स्वतः केले आहे, याची जाणीव आपल्याकडे अल्प आहे. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातील तित्थायतन सुत्तात तीन मतांची परीक्षा येते. पहिले मत 'पुब्बेकतहेतु' : माणूस जे सुख-दुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळे. दुसरे 'इस्सरनिम्मानहेतु' : ते सर्व ईश्वराच्या निर्मितीमुळे. तिसरे 'अहेतु-अप्पच्चया' : ते सर्व कारणावाचून, योगायोगाने. आपल्या बोलीतील प्रारब्ध, देवाची मर्जी आणि योग हे तीन शब्द याच तीन मतांचे वारस आहेत.

तथागतांनी या मतांची केलेली परीक्षा फार मार्मिक आहे. ही मते एकमेकांची विरोधक भासली तरी तिन्हींचा शेवट एकच, अकिरिया. म्हणजे कृतीचा नकार. सर्व काही पूर्वकर्मानेच ठरत असेल तर हत्या करणाराही पूर्वकर्मामुळे हत्या करतो आणि चोरी करणाराही पूर्वकर्मामुळे चोरी करतो, असे मानावे लागेल. मग अमुक करावे व अमुक करू नये या विवेकाला अर्थ उरत नाही, आणि ते करण्याची इच्छा व प्रयत्नही उरत नाहीत. या मतातील अनुमान चुकीचे आहे एवढ्यावर ही टीका थांबत नाही. हे मत माणसाची इच्छा आणि प्रयत्न दोन्ही हिरावून घेते, हा तिचा मुख्य रोख आहे.

संयुत्त निकायातील सीवक सुत्तही प्रत्येक उपासकाने वाचावे असे आहे. मोळिय सीवक नावाचा परिव्राजक विचारतो, माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकृत्याचे फळ आहे असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले मत काय? उत्तरात तथागत वेदनेची आठ कारणे सांगतात : पित्त, कफ, वात, या तिन्हींचा सन्निपात, ऋतूतील बदल, शरीराची अयोग्य निगा, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. आठांपैकी सात कारणे वैद्याने, शेजाऱ्याने, समाजाने किंवा स्वतः माणसाने शोधून दूर करण्याजोगी आहेत. जे सर्व दुःखाचा भार पूर्वकृत्यावर टाकतात, ते स्वतःच्या अनुभवाच्याही पुढे धावतात आणि जगाने सत्य मानलेल्याच्याही पुढे धावतात, असा या उत्तराचा आशय आहे. मिलिंदपञ्हातही नागसेन थेर हाच आधार घेऊन सर्व वेदना कर्ममूलक नाहीत असे सांगतात. अपंग बालकाच्या आईला हे सुत्त कोणी समजावून सांगितले, तर तिच्या खांद्यावरचे विनाकारण ओझे उतरेल आणि तिची शक्ती मुलाच्या उपचाराकडे व शिक्षणाकडे वळेल.

अडचणीचे सुत्त

येथे प्रामाणिक समीक्षकाने एक अडचण लपवू नये. मज्झिम निकायातील चूळकम्मविभङ्ग सुत्तात तोदेय्यपुत्र सुभ हा तरुण, माणसामाणसांत उच्च-नीच, दीर्घायू-अल्पायू, श्रीमंत-दरिद्री असे भेद का, असे विचारतो. आणि तेथील उत्तर पूर्वजन्मीच्या कर्माकडे बोट दाखवते. दान न देणारा दरिद्री होतो, उद्धट माणूस नीच कुळात जन्मतो, असा त्याचा आशय आहे. आपले काही वक्ते असे सुत्त जणू पिटकात नाहीच अशा थाटात बोलतात. काही ध्यानमार्गी आचार्य याच्या उलट तेवढ्याच आधारावर दारिद्र्याचे व जातीचे समर्थन होईल अशी प्रवचने देतात. दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत, अभ्यासाच्या नाहीत.

बाबासाहेबांनी ही अडचण टाळली नाही. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी हा प्रश्न उभा केला : आत्मा नाकारणाऱ्या बुद्धाच्या उपदेशात कर्म व पुनर्जन्म कोणत्या अर्थाने बसतात? ग्रंथाच्या चौथ्या खंडात ते दाखवतात की शब्द सारखे असले तरी बुद्धाचा कर्मविचार आणि ब्राह्मणी कर्मविचार यांत मूलभूत भेद आहे. कर्माचा नियम समाजाच्या नैतिक व्यवस्थेशी निगडित आहे. अमुक माणूस श्रीमंत का आणि तमुक दरिद्री का, याचा जमाखर्च मांडण्यासाठी तो नाही. गरिबाच्या दुःखाचे खापर त्याच्याच गतजन्मावर फोडणारा सिद्धांत राज्याला व समाजाला जबाबदारीतून मोकळे करतो, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. बुद्धवचन ओळखण्याची कसोटीही त्यांनी दिली : जे बुद्धीला व तर्काला पटते आणि माणसाच्या कल्याणाशी संबंधित आहे, तेच बुद्धाचे मानावे.

या निवडीला कोणी 'सोयीची निवड' म्हणेल. परंतु पिटकातच दोन प्रकारची विधाने असताना निवड कोणालाच टाळता येत नाही. परंपरेनेही ती केलेलीच आहे. प्रश्न एवढाच की निवडीची कसोटी उघड सांगितली आहे की नाही. बाबासाहेबांनी ती सांगितली. शिवाय तिला बुद्धाच्या आचरणाचा आधार आहे. थेरगाथेतील सुनीत थेर हे कोमेजलेली फुले झाडून टाकणारे, लोकांच्या तिरस्काराचे धनी झालेले गृहस्थ. त्यांच्या स्वतःच्या गाथांत तथागत त्यांना गतजन्माचा हिशेब विचारीत नाहीत. ते त्यांना संघात बोलावतात.

नव्या वेषातील प्रारब्ध

इथवर आपण बहुधा सहमत असू. यापुढील टीका आपल्यावरच आहे, म्हणून ती अधिक आवश्यक आहे. प्रारब्धवाद वेष बदलून परत येतो. त्याचा एक नवा वेष व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत व शिबिरांत दिसतो. सर्व काही तुमच्या मनात आहे. इच्छाशक्ती असेल तर काहीही अशक्य नाही, असे तेथे शिकवले जाते. ऐकायला हे आशावादी वाटते. पण शिष्यवृत्ती वेळेवर न मिळाल्यामुळे शिक्षण सोडलेल्या मुलाला त्याचा अर्थ एवढाच कळतो की दोष माझाच. पूर्वी गतजन्माने दोषी ठरवले, आता इच्छाशक्तीने.

दुसरा वेष आपल्या वस्तीत अधिक आढळतो. "व्यवस्थाच अशी आहे, आपल्या हाती काय?" हे वाक्य चळवळीच्या भाषेत उच्चारले जाते, म्हणून ते प्रारब्ध वाटत नाही. जातिव्यवस्था सत्य आहे, तिचा आघात सत्य आहे. सीवक सुत्ताच्या भाषेत तो बाहेरून झालेला आघातच आहे. परंतु आघाताचे कारण सांगणे हा उपचाराचा आरंभ असतो, शेवट नव्हे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे गेले, त्यांनाही व्यवस्था ठाऊक होती. ती ठाऊक होती म्हणूनच ते गेले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले, तेही व्यवस्था अनुकूल झाल्यामुळे नव्हे. व्यवस्थेला नशिबाच्या जागी बसवणे हा बाबासाहेबांच्या समाजचिकित्सेचा विपर्यास आहे.

पटिच्चसमुप्पादाचा मार्ग या दोन्हींहून वेगळा आहे. प्रत्येक गोष्ट अनेक कारणांनी घडते. काही कारणे माझ्यात असतात, काही घरात, काही समाजात, काही शरीरात. त्यांतील प्रत्येक कारण ओळखून जे हटवता येईल ते हटवणे, म्हणजे सम्यक व्यायाम. त्यासाठी कधी अभ्यासाची सवय बदलावी लागेल, कधी वैद्याकडे जावे लागेल, कधी संघटित होऊन अर्ज, मोर्चा व न्यायालय यांचा मार्ग धरावा लागेल. नशीब म्हणणारा यांपैकी एकही करीत नाही. सुखाचा प्रश्नही येथेच सुटतो : आपल्या दुःखाची कारणे आपल्याला कळू शकतात, हा विश्वास ज्याच्या मनात आला त्याचे अर्धे भय संपते.

विहारातील वर्षावासाच्या ग्रंथवाचनात तित्थायतन व सीवक ही दोन सुत्ते आवर्जून घ्यावीत आणि चूळकम्मविभङ्ग सुत्तही टाळू नये. त्यावर खुली चर्चा व्हावी. आपल्या घरी "नशिबात नव्हते" असा उद्गार निघाला की शांतपणे विचारावे, कारण काय होते? उत्तर शोधायला एक दिवस लागेल, कधी एक वर्ष लागेल. पण पाचवीच्या रात्री जी लेखणी सटवाईसाठी ठेवली जात होती, ती मुलामुलींच्या हाती देण्याचे कार्य या एका प्रश्नापासून सुरू होते.