रूसियोंची तांबडी माती

वाङ्मयकृतींतील स्थळाचा उल्लेख तिच्या व्यापकतेस बाध आणतो, असें आमचें पुष्कळ दिवसांचें मत होतें. गेल्या वर्षीं दक्षिण फ्रान्समध्यें टेकडीवर वसलेलें रूसियों हें गांव पाहण्याचा योग आला, आणि तें मत आम्हांस बदलावें लागलें.

सॅम्युएल बेकेटचें 'वेटिंग फॉर गोदो' हें नाटक आम्हीं कॉलेजांत अनेक वर्षें शिकविलें. एक रस्ता, एक झाड आणि वाट पाहणारे दोन भटके, हाच त्याचा मुख्य पसारा. हा रस्ता कोणत्याच देशांतला नाहीं, म्हणूनच तो सर्वांचा, असें आम्ही विद्यार्थ्यांस मोठ्या खात्रीनें सांगत असूं. आमच्यापुढें असे ती इंग्रजी प्रत. मूळ नाटक फ्रेंच आहे, हें ठाऊक असूनहि तें उघडून पाहण्याची तसदी आम्हीं घेतली नव्हती.

रूसियों हें व्होक्लूज जिल्ह्यांत आहे. चढ चढून जावें तों पिंवळ्या, केशरी, तांबड्या भिंती दिसूं लागतात. गांव ज्या मातीवर उभें आहे, तिचाच रंग घरांस दिलेला आहे. ही माती म्हणजे आपला गेरू आणि पिवडी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ती येथें खणून, पाण्यानें धुवून व वाळवून रंगासाठीं विकली जाई. पिंवळी माती भाजली कीं तांबडी होते. कृत्रिम रंग आले आणि हा धंदा खालावला. आतां जुन्या खाणींच्या कड्यांमधून प्रवासी तिकीट काढून हिंडतात. आम्हीहि हिंडलों. परततांना बुटांवरची तांबडी धूळ झटकूं लागलों, तर ती कांहीं केल्या जाईना.

बेकेट पॅरिसमध्यें जर्मनांविरुद्ध गुप्त कार्य करणाऱ्या एका मंडळांत होता. १९४२ सालीं फितुरीमुळें तें मंडळ उघडकीस आलें, तेव्हां तो निसटून या गांवीं आला आणि १९४५ पर्यंत येथें राहिला. शेतांत राबून तो अन्न मिळवी. 'वॉट' ही कादंबरीहि त्यानें बरीचशी याच मुक्कामांत लिहिली.

घरीं आल्यावर १९५२ सालीं प्रसिद्ध झालेलें मूळ फ्रेंच नाटक आम्हीं अखेर उघडलें. त्यांत एक भटका दुसऱ्यास आपण व्होक्लूजमध्यें द्राक्षें खुडलीं याची आठवण देतो; रूसियोंचें नांव घेतो, शेतकऱ्याचेंहि घेतो. तेथें सारें तांबडें आहे, असें तो म्हणतो. दुसरा चिडून आपल्याला कांहींच दिसलें नसल्याचें सांगतो. १९५४ सालीं निघालेल्या इंग्रजी अवतारांत, जो बेकेटनेंच केला, व्होक्लूजच्या जागीं माकों येतें. आणि गांवाचें व शेतकऱ्याचें नांव बोलणाऱ्यास आठवतच नाहीं.

हा बदल कलेच्या दृष्टीनें उणा नाहीं. विस्मृति हा या नाटकाचा एक विषयच आहे, आणि येथें ती प्रेक्षकांसमोर घडते. तथापि फ्रेंचमधील त्या उत्तराचा घाव निराळा आहे. ज्या कड्यांपुढें प्रवासी स्तब्ध उभा राहतो, ते तेथें राबलेल्या माणसास दिसलेच नाहींत. रंग दिसावयास पोट भरलेलें आणि जीव निर्धास्त असावा लागतो. इंग्रजीनें हें वाक्य ठेविलें; पण तें कोणत्या मातींतून उगवलें, हें कळण्याची वाट बुजविली.

याच गांवावर अमेरिकन प्राध्यापक लॉरेन्स वायली यांनीं, तेथें १९५०-५१ सालीं सहकुटुंब राहून, एक पुस्तक लिहिलें. तें १९५७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांनीं गांवाचें नांव बदलून पेरान केलें. परंतु तेथील शाळा, शेती, भांडणें सारें बारकाईनें सांगितलें. वायलींनीं नांव झांकून गांव दाखविलें. बेकेटनें नांव उच्चारून गांव झांकून ठेविलें. आमच्या वाचकांनीं दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावीं.

तो रस्ता सर्वांचा आहे, हें आम्ही अजूनहि म्हणूं. मात्र तो कोठलाच नाहीं म्हणून सर्वांचा, हें आमचें प्रतिपादन चुकीचें होतें. यंदा तो भाग शिकवितांना आम्हीं प्रथम फळ्यावर रूसियों हें नांव लिहिलें, आणि मग पुस्तक उघडलें.